ट्रायपॉडवर काढूनही डोंगराचे फोटो सॉफ्ट (धूसर)! मदत हवी आहे

आठ दिवस डोंगरात भटकून परवा परत आले. अकराशेच्या वर फोटो काढलेत. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे झकास दिसत होते. काल संगणकावर मोठे करून पाहिले आणि हिरमोड झाला.

फसलेले फोटो दोन तऱ्हांचे आहेत.

पहिले, पुढे दगड, मध्ये ओढा, मागे कडा असे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) मिररलेस, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स, १८ मिमीवर. दगडापासून कड्यापर्यंत सगळं शार्प हवं आणि पाणीही रेशमी दिसावं म्हणून एफ/२२ (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक), शटर अर्धा सेकंद. फोकस चुकला म्हणावं तर कुठेतरी काहीतरी शार्प असायला हवं ना? इथे सगळ्यावर सारखाच मेणचटपणा.

दुसरे, ३०० मिमीवर काढलेली लांबची डोंगररांग. भर दुपार, मध्ये तापलेलं पठार. शटर १/१०००, तरी कड्यांच्या कडा थरथरल्यासारख्या. पहाटे त्याच लेन्सने काढलेले मात्र सुरेख आलेत.

ट्रायपॉड भक्कम आहे, दोन सेकंदांचा टायमर लावते. १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे अमेरिकन छायाचित्रकारांनी तर एफ/६४ नावाचा गटच काढला होता. त्यांना ६४ चालत होतं, मग मला २२ का पचत नाही? नव्या लेन्सवर खर्च करू का?

प्रतिसाद १

अजिबात करू नका. पहिल्या फोटोंना डिफ्रॅक्शन नडलंय. छिद्र बारीक केलं की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो, बिंदूचा ठिपका होतो. एफ/२२ ला तो ठिपका साधारण ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तुमच्या सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ४ चा. एफ/८ ला तोच ठिपका ११ च्या आसपास. १८ मिमी आणि एफ/८ वर दोन मीटरच्या किंचित पुढे फोकस केलात, तर एक-सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. दगड त्याहून जवळ असेल तर फोकस बदलत दोन-तीन फ्रेम काढा आणि नंतर जोडा.

पाण्यासाठी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. तुमचा अर्धा सेकंद एफ/८ ला १/१५ च्या आसपास होईल. सहा स्टॉपचा फिल्टर (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) तो ६४ पटींनी लांबवतो, म्हणजे चार सेकंद.

ॲडम्स मंडळींचे कॅमेरे मोठ्या फिल्मचे, ८ × १० इंचांपर्यंतचे. तिथे लेन्सची फोकल लांबी (मिमीचा आकडा) मोठी, म्हणून डेप्थ (जवळपासून लांबपर्यंत शार्पपणा) मिळवायला छिद्र बारीक करावंच लागे. आणि एवढी मोठी निगेटिव्ह फारशी वाढवावी लागत नसे, त्यामुळे ठिपका डोळ्यांना खुपत नसे. आपण बोटाच्या पेराएवढा सेन्सर भिंतीएवढा करून पाहतो!

प्रतिसाद २

दुसऱ्या तक्रारीचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: तापलेलं पठार. गरम-थंड हवेचे थर प्रकाश वेडावाकडा वळवतात, टेलीफोटो (तुमच्या ३०० मिमीसारखी लांबचं जवळ आणणारी लेन्स) ते मोठं करून दाखवतो. खात्री करायची तर त्याच जागेचे लागोपाठ दहा फोटो शेजारी ठेवा. कॅमेरा हलला असेल तर सगळी फ्रेम एकाच दिशेला पुसलेली दिसते. हवेचा खेळ असेल तर कडा प्रत्येक फोटोत वेगळीच वाकते. याला ट्रायपॉड काय करणार? पहाटे काढा, किंवा पाऊस पडून गेल्यावर. आणि उबदार गाडीतून कॅमेरा काढून थंडीत लगेच टेलीफोटो रोखू नका, हूडच्या (लेन्सपुढच्या नळकांड्याच्या) आतली हवासुद्धा थरथरते.

धागाकर्ती

दहा नाही, पण सलग सहा फोटो सापडले. सहाही फोटोंत तोच सुळका सहा तऱ्हांनी वाकलाय! लेन्सची खरेदी रद्द. एकच शंका उरली: चार सेकंदांत पाणी रेशमी होईल, पण काठावरची झुडपं वाऱ्याने हलणार, त्यांचं काय?

प्रतिसाद १

ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या. एक फिल्टर लावून पाण्यासाठी, दुसरा फिल्टर काढून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून, वारा पडल्यावर झुडपांसाठी. मग संगणकावर मास्क लावून (प्रत्येकातला हवा तेवढाच भाग ठेवून) जोडा. फिल्टर काढताना झूमची रिंग सरकणार नाही एवढं बघा, माझी हमखास सरकते.