पूल, सेतू, सांडवा : खाजूला काय म्हणावं?

इराणमधल्या इस्फहानच्या पुलांवरचा एक लेख मराठीत करतोय आणि जायंदेरूद नदीवरच्या खाजूपाशी अडलोय. फारसीत त्याचं नाव 'पोल-ए-खाजू', म्हणजे सरळ पूलच. शाह अब्बास दुसरा याच्या काळातला, १६५० च्या सुमाराचा. पण तो पाणीही अडवतो. कमानींखालच्या दगडी वाटा बंद केल्या की वरच्या बाजूला नदी फुगते. नुसतं 'पूल' लिहिलं तर अर्धी गोष्ट गळते. 'सेतू' चालेल का, की फार पौराणिक वाटेल?

प्रतिसाद :
चालेल काय, तोच शब्द नेमका आहे. 'पूल' आपल्याकडे फारसीतून आला. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, तो 'पेरेतु', मेलेल्याचा आत्मा ओलांडतो तो चिन्वत पूल हाच. म्हणजे अर्थाचा भर ओलांडण्यावर. 'सेतु' मात्र 'सि' धातूचा, बांधणे. रुद्रदामन या क्षत्रप राजाच्या गिरनारच्या लेखात (इ. स. १५०) सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा घातल्याची हकीकत आहे, तिथे त्या बांधाला 'सेतु'च म्हटलंय. पैलतीराला जायचा तिथे प्रश्नच नाही. बांध हा अर्थ जुना आहे आणि खाजूला तो फिट्ट बसतो.

प्रतिसाद :
व्युत्पत्ती मान्य, पण आजच्या वाचकाला 'सेतू' म्हटलं की रामेश्वर आठवतं, नाहीतर समुद्रावरचा रस्ता. बांध कुणाच्याच डोक्यात येत नाही. 'सांडवा' का नको? नाशकात गोदावरीकाठी 'सांडव्यावरची देवी' आहेच. पाणी अडवायचं आणि त्यावरूनच पलीकडे जायचं, दोन्ही त्यात आलं.

प्रतिसाद :
पाटबंधाऱ्यातला माणूस म्हणून थोडी आडकाठी. आमच्याकडे सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा. खाजूत पाणी वरून सांडत नाही, खालच्या वाटांतून सोडतात किंवा अडवतात. त्याचं जवळचं भावंड कोल्हापुरी बंधारा. खांबांमध्ये बरगे (आडव्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं, पावसाळ्यापूर्वी काढून घेतले की पूर मोकळा जातो, आणि कित्येक ठिकाणी वरून गाड्याही जातात. अशाला आम्ही 'पूल-वजा-बंधारा' म्हणतो. कानाला खडबडीत आहे, पण खोटं नाही.

जाता जाता, लेखात इस्फहानचाच दुसरा पूल सी-ओ-से-पोलही असेलच ('सी-ओ-से' म्हणजे तेहतीस; १५९९ ते १६०२, अल्लाहवर्दी खान या सरदाराने बांधवलेला). त्याला 'तेहतीस खांबांचा' लिहू नका, ही चूक फार दिसते. तेहतीस आहेत त्या कमानी. खांब वेगळा, दोन खांबांमधली मोकळी जागा तो गाळा, आणि खांबांवर टेकून गाळा ओलांडते ती कमान. तेहतीस गाळ्यांना टेकू चौतीस लागतात, दोन्ही काठांचे धरून. हा हिशेब नुसता शब्दांचा नाही. कमान दोन्ही बाजूंना रेटा देते. शेजारच्या दोन कमानींचे रेटे मधल्या खांबावर एकमेकांना मारतात, म्हणून तो खांब बेताचा चालतो. शेवटच्या कमानीचा रेटा झेलायला पलीकडे कोणी नसतं, तिथे काठचं बांधकामच भक्कम हवं.

प्रतिसाद :
'साकव' कुणी सुचवण्याआधीच सांगतो, नको. 'संक्रम' वरून आलाय, गोड आहे, पण तो ओढ्यावरचा.

प्रतिसाद :
फारसीतही एकच रीत नाही. इराणातल्याच शुश्तरच्या बंधाऱ्यावर पूल होता, तरी नाव 'बंद-ए-कैसर' ('बंद' म्हणजे बांध). तिथे बंद जिंकला, खाजूत पूल. तेव्हा मराठीत नाव 'खाजू पूल' राहू द्या आणि काम सांगताना 'बंधारा' म्हणा.

मूळ प्रश्नकर्ता :
हे पटलं. नावात पूल, वर्णनात बंधारा. 'गाळा' तर मी दुकानापुरताच वापरत होतो. 'सेतू' सोडताना जीव थोडा तुटतोय, तळटीपेत घालतो. आता शेवटचं : खाजूच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, लोक तिथे बसतात. 'घाट' लिहू?

प्रतिसाद :
लिहा की. फक्त हल्ली नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते, तेव्हा 'पाण्यात उतरणाऱ्या' जरा जपून.