मदत हवी आहे: बागेत अर्धी जमिनीखाली जाणारी कामाची खोली स्वतः बांधायची आहे

नमस्कार मंडळी,

घरामागच्या बागेत एक छोटी खोली बांधायचं बरेच दिवस मनात आहे. आत सुतारकामाचं टेबल, एका भिंतीला हत्यारं आणि बागेची अवजारं ठेवायला एक कोपरा. आतून ३ बाय ४ मीटर. नेहमीसारखी जमिनीवर उभी केली तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी सगळी बाग झाकली जाईल, म्हणून ती १.२ मीटर खाली उतरवावी असा विचार आहे. वर खिडक्यांची एक पट्टी आणि छप्पर एवढंच दिसेल. करवतीचा आवाज शेजारी कमी जाईल आणि उन्हाळ्यात आत गार राहील, हे आणखी दोन फायदे.

माझा अनुभव सांगते. वाफ्यांच्या कडेची गुडघाभर उंचीची भिंत रचली आहे, ओळंबा आणि गुण्या वापरता येतो, काँक्रीट हातानं कालवलं आहे. खोली कधी बांधलेली नाही. भिंतीचा आणि सळ्यांचा तपशील इंजिनिअरकडून काढून घेणार आहे, परवानगीचंही आधी विचारून घेणार आहे. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी काय विचारायचं ते मला कळायला हवं, म्हणून हा धागा.

मातीचा हिशेब मांडला तेव्हा थोडी दचकले. खोलीच्या आत १४ घनमीटर माती बसते, पण भिंतींची जाडी, बाहेरून काम करायला चारी बाजूंनी ६० सेंमी जागा आणि फरशीखालचे थर धरले तर खणावे लागतात जवळजवळ ३९ घनमीटर. तेही खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या राहिल्या तर. माती मोकळी झाली की फुगते, म्हणजे ढीग ४८ घनमीटरच्या आसपास होणार. ही माती बाहेर न पाठवता भिंतींना बाहेरून टेकवून उतरती रचावी असं वाटतं.

जागा सपाट नाही. खोलीच्या वरच्या भिंतीपासून मागच्या कुंपणापर्यंत १४ मीटर अंतर आहे आणि तेवढ्यात जमीन १.१ मीटर उतरते (पारदर्शक नळीत पाणी भरून मोजलं). घर वरच्या बाजूला आहे. पाच-सहा मीटरवर एक मोठं जुनं झाड आहे.

मातीत काय आहे ते बघायला हातानं फिरवायच्या गिरमिटानं दीड मीटर खोल भोक पाडलं आणि निघालेली माती क्रमानं फळीवर मांडत गेले. वरची ४० सेंमी काळसर, मुळांनी भरलेली. त्याखाली पिवळट चिकणमाती, तळहातावर वळली तर दोऱ्यासारखी लांब होते, तुटत नाही. एक मीटरच्या खाली तिच्यात राखाडी डाग आणि त्यांच्या कडेनं गंजासारख्या नारिंगी रेषा दिसायला लागल्या. भोकात पाणी आलेलं नाही, तळ फक्त ओलसर आहे. आता दिवस कोरडे आहेत.

माझे प्रश्न असे. १.२ मीटर खाली जाणं नवशिक्याला झेपेल का? भिंत पोकळ काँक्रीट ब्लॉकची, पोकळीत सळ्या आणि काँक्रीट भरून चालेल, की पूर्ण काँक्रीटचीच हवी? वॉटरप्रूफिंग आतून की बाहेरून? पायऱ्या उतरून दाराशी जो खळगा होतो, त्यात पावसाचं पाणी साठणार नाही यासाठी काय करतात? आणि छपरावर माती टाकून गवत लावायची खूप इच्छा आहे, ते धरून चालावं का?

— रानजाई

प्रतिसाद: ओळंबा

रानजाई ताई, भोक पाडून माती क्रमानं मांडलीत हे फार चांगलं केलंत, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या फळीवरच आहे. राखाडी डाग आणि नारिंगी रेषा म्हणजे तिथवर वर्षातले काही महिने पाणी चढतं. माती पाण्यानं भरून राहिली की तिच्यातली हवा संपते, लोह विरघळून सरकतं आणि माती राखाडी पडते. पाणी ओसरलं की जिथे हवा शिरते तिथे तेच लोह गंजून बसतं. आज भोक कोरडं आहे याचा अर्थ एवढाच की आज पाणी खाली आहे. १.२ मीटर गेलात तर फरशी त्या थरात जाते.

साइटवर मी एक गोष्ट नेहमी आधी बघतो: पाणी बाहेर कुठे पडणार? खोली किती खोल न्यायची ते त्या टोकापासून उलटं मोजत यायचं. भिंतीच्या पायाशी बाहेरून भोकांचा पाइप फिरवायचा असतो आणि त्याचा तळ फरशीपेक्षा निदान २५ सेंमी खाली हवा. तिथून कुंपणापर्यंत १०० ला १ असा उतार धरला तर १४ मीटरला आणखी १४ सेंमी. म्हणजे फरशी १.२ मीटर खाली असेल तर पाइपचं तोंड १.५९ मीटरवर येतं आणि तुमची जमीन उतरते फक्त १.१ मीटर. पाइप उघड्यावर निघतच नाही, पंप लावावा लागतो. आणि पंपाची खरी गरज ज्या वादळी रात्री असते, त्याच रात्री वीज जाते. फरशी ६० सेंमी खाली ठेवलीत तर हिशेब ९९ सेंमीचा होतो, पाणी आपोआप बाहेर पडतं आणि ११ सेंमी हाताशी उरतात. माझं मत स्पष्ट आहे: ६० सेंमी. फक्त पाणी तुमच्याच हद्दीत मुरेल असा शोषखड्डा किंवा ओलावा आवडणाऱ्या झाडांचा वाफा त्या टोकाला ठेवा, शेजाऱ्याच्या जागेत सोडू नका.

भिंतीवरचा रेटाही याच निर्णयानं सुटतो. १.२ मीटर उंचीच्या भिंतीवर निचरा होणाऱ्या कोरड्या भरावाचा रेटा दर मीटर लांबीला ढोबळमानानं सव्वाचारशे किलो येतो. त्याच भरावात पाणी वरपर्यंत साठलं तर नऊशेच्या पुढे. चार मीटरच्या भिंतीवर साडेतीन टनांहून जास्त. उंची निम्मी केली की रेटा चौथाईवर येतो आणि भिंत उलथवणारा जोर आठव्या हिश्शावर. म्हणून ६० सेंमी ही अर्धी तडजोड समजू नका, फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. एवढ्या उंचीला सळ्या घालून भरलेले पोकळ ब्लॉक चालतात, पण सळी किती जाडीची, किती अंतरावर आणि पायात कशी अडकवायची हे इंजिनिअर सांगतील तसंच. चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वरच्या आकड्यांत तो जोर धरलेला नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. भिंतींना बाहेरून माती टेकवणार असाल तर तेही. कारण भिंतीला फरक पडत नाही की माती मूळची आहे की तुम्ही रचलेली, तिला उंची तेवढीच दिसते.

खणताना एकटं उतरू नका. एक घनमीटर माती दीड ते दोन टनांची असते आणि कडा ढासळताना आवाज देत नाही. खड्डा ९० सेंमीचा असला तरी त्यात वाकून काम करणारा माणूस गाडला जाऊ शकतो. कडा तिरप्या काढा, ढीग काठापासून निदान ६० सेंमी लांब, जमलं तर खड्ड्याच्या खोलीइतका लांब टाका, आणि पाऊस पडून गेल्यावर लगेच आत जाऊ नका. खणायच्या आधी वीज, पाणी, सांडपाण्याच्या लाइन कुठून गेल्यात ते शोधून खुणा करा. शेजारच्या बांधकामाच्या पायाच्या तळापासून ४५ अंशात उतरणारी रेघ कल्पा, तुमचा खड्डा तिच्या खाली जाता कामा नये.

झाडाची मुळं बहुतेक वरच्या ६० सेंमीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरही पसरतात. खोडाजवळची जाड मुळं तोडलीत तर झाड वाऱ्यात पडू शकतं. खोली झाडापासून सरकवता येईल तेवढी सरकवा.

छपरावरचं गवत पहिल्या बांधकामात नको. दहा सेंमी भिजलेली माती चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरते.

प्रतिसाद: कवडसा

ओळंबा यांच्याशी पूर्ण सहमत. मी अशीच अर्धी खाली गेलेली खोली बांधली आहे, बियाणं आणि कुंड्या ठेवायला, म्हणून राहिलेल्या प्रश्नांवर लिहिते.

ताई, पायऱ्याच काढून टाका! दार उताराच्या खालच्या बाजूला घ्या. फरशी वरच्या भिंतीशी ६० सेंमी खाली असेल तर खालच्या भिंतीबाहेर ती जमिनीपेक्षा साधारण ३३ सेंमीच खाली येते. दारापासून पुढे हलका उतार देत वाट कापत न्या, पाच-सहा मीटरमध्ये ती आपोआप जमिनीच्या बरोबरीला येते. दाराशी खळगा राहत नाही, पाणी दारापासून दूर पळतं आणि हातगाडी थेट आत जाते. लाकडाच्या फळ्या आणायच्या असतील तेव्हा याचं मोल कळेल.

वॉटरप्रूफिंग बाहेरूनच. आतून लावलेला थर पाणी मागून ढकलत असतं, बाहेरचा थर पाणीच भिंतीवर दाबून धरतं. जमिनीखालचा भाग म्हणजे उलटा हौद समजा. भिंत आणि पाया जिथे भेटतात तो कोपरा सिमेंटच्या मालानं गोल करून घ्या, काटकोनात पडदा दुमडला की तिथेच चिरतो. डांबरी पडदा वापरलात तर जोड एकमेकांवर नीट चढवा आणि माती लोटण्याआधी दिवसाउजेडी प्रत्येक जोडावरून बोट फिरवून बघा. माझ्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात एका जोडाची कड नखाएवढी उचललेली होती, नुसतं बघून ती दिसत नव्हती, बोटाला लागली. पडद्यावर उठावाच्या गोळ्या असलेला प्लास्टिकचा पत्रा लावा, म्हणजे भरावातले दगड पडदा फाडत नाहीत आणि पाण्याला खाली पाइपकडे जायला वाट मिळते. पाइपभोवती खडी आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड. कापड विसरलात तर बारीक चिकणमाती दोन-चार वर्षांत खडी बुजवून टाकते.

भराव घालायची घाई नको. भिंत पुरेशी पक्की होऊ द्या, आणि वरून तिला आधार देणारं काही नकाशात असेल तर ते आधी बसवा. भिंतीला लागून खडी, मागे माती, पंधरा-वीस सेंमीचे थर हलक्या धुमसानं दाबत. जड यंत्र भिंतीजवळ फिरवू नका. सगळ्यात वरच्या ३० सेंमीत मात्र तीच चिकणमाती घाला आणि उतार भिंतीपासून लांब द्या, म्हणजे पावसाचं बहुतेक पाणी खाली शिरतच नाही.

आता ज्याबद्दल कुणी आधी सांगत नाही ते. भिंती पूर्ण कोरड्या ठेवल्यात तरी आत दमटपणा येतो. मातीला टेकलेली भिंत थंड असते. दमट गरम दिवसात खिडक्या उघड्या टाकल्या की बाहेरची हवा आत येऊन त्या भिंतीवर दव धरते. सुतारकामाच्या हत्यारांवर गंज आणि फळ्यांना बुरशी इथून सुरू होते. उपाय म्हणजे भिंतीच्या बाहेरून उष्णतारोधक थर, फरशीखालीही तोच, समोरासमोर एक खालचा आणि एक वरचा झरोका, आणि दमट दिवसात भर दुपारी खिडक्या बंद. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

आणि बागेच्या अवजारांत पेट्रोलचं गवत कापायचं यंत्र असेल तर ते इथे ठेवू नका, गॅसचं नळकांडंही नको. दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली गेलेल्या खोलीत साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते.

प्रतिसाद: रानजाई

ओळंबा दादा, कवडसा ताई, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. पाणी कुठे पडणार इथून उलटं मोजत यायचं, हे वाचलं आणि सगळा नकाशा पुन्हा काढला. फरशी ६० सेंमी खाली, दार खालच्या बाजूला, छपरावर गवत नाही. पेट्रोलचं यंत्र आहे तिथेच शेडमध्ये राहील. खणाईही ३९ वरून साधारण २३ घनमीटरवर आली.

गिरमिटाच्या भोकात एक भोकं पाडलेला पाइप उभा सोडला आहे, वर झाकण. पावसाळाभर त्यात काठी घालून पाण्याची पातळी लिहून ठेवणार आणि मगच खणायला घेणार. पाणी ८५ सेंमीच्या वर चढताना दिसलं तर फरशी आणखी वर घेईन.

ज्या उंचीला छप्पर येईल तिथे बांबू रोवून दोरी ताणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. मधले वाफे झाकले जातात, झाड आणि मागचं कुंपण दिसतं. छपराची ठेंगणी कड घराच्या बाजूला ठेवली तर वाफेही बरेचसे दिसतील, म्हणून दोरी तशी उतरती बांधून बघितली, आणि फरक चांगलाच आहे. पण मग छपराचं सगळं पाणी नेमकं वरच्या, मातीला टेकलेल्या भिंतीकडे उतरतं. मोठी पन्हळ, दोन्ही टोकांना खाली उतरणारे पाइप, आणि ते थेट खालच्या वाफ्याकडे, भिंतीच्या पाइपला न जोडता, असं केलं तर हा धोका पत्करण्यासारखा आहे का? की उतार आडवा, बाजूच्या भिंतीकडे काढावा? बाजूला काढला तर घराकडून तिरकी कड दिसेल, ती मला चालेल. कुणी दोन्हींपैकी काही बांधलं असेल तर पन्हळ किती रुंद घेतली आणि पानगळीत ती किती वेळा तुंबते, तेवढं जरूर लिहा.