बिया खाता येतात, पण भाजूनच

वर विचारलंय की कोथरूडमधल्या सोसायटीबाहेरच्या झाडाखाली मार्चमध्ये ड्रेनेज फुटल्यासारखा वास येतो आणि काळ्या बियाही पडतात, त्या विषारी आहेत का. वर्णनावरून हा जंगली बदाम, स्टरक्युलिया फीटिडा. वास फुलांचा आहे, काही आठवड्यांत जातो. त्याच्यापायी झाड तोडायचा ठराव कृपा करून करू नका. शिवाय १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

बिया खाण्याजोग्या आहेत. लाल, जाड सालीची फळं आपोआप उकलतात, आत काठाला काळ्या बिया चिकटलेल्या असतात. वरची टरफलं काढून गर मंद आचेवर खरपूस भाजा. कच्च्या मात्र नकोत, जुलाब होतात. बियांच्या तेलात स्टरक्युलिक आम्ल हे जास्त झाल्यास अपायकारक असं मेदाम्लही असतं, त्यामुळे भाजलेल्याही चार-पाच पुरे, वाटीभर नाही.

एकांनी खाली 'देशी बदाम' लिहिलंय. ते झाड वेगळं, टर्मिनालिया कटाप्पा, अख्ख्या रुंद पानांचं. जंगली बदामाचं पान सावरीसारखं, एका देठावर सात-नऊ पर्णिका. सह्याद्रीतला पांढऱ्या खोडाचा कांडोळ याचाच भाऊबंद. त्याच्याही बिया भाजून खातात, फक्त फळांवरची लव हाताला भयंकर खाजते.