मागच्या प्लॉटवर जेसीबी लावायच्या आधी

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. मागच्या कॉमन प्लॉटवर पार्किंग करायचं मीटिंगला ठरलंच आहे. कॉन्ट्रॅक्टरचा आत्ता फोन आलेला, सोमवारी जेसीबी मोकळा आहे, झाडंझुडपं काढून लेव्हलिंग एका दिवसात करून देतो, पाऊस लागायच्या आत उरकून घेऊ म्हणतोय. कुणाची हरकत असेल तर आजच सांगा.

बी-१०४: बेस्ट. नुसतं रान माजलंय सुबाभळीचं. परवा साप पण निघाला होता

सी-२०१ वहिनी: हो ना, पोरं बॉल आणायला आत जातात, जीव टांगणीला लागतो. करून टाका एकदाचं

ए-४०३ आजोबा: ती चिंच पण काढणार का?

सेक्रेटरी: आजोबा ती मधोमध येतीय. ठेवली तर पाच-सहा गाड्यांची जागा जाते म्हणतोय तो.

ए-४०३ आजोबा: विश्रामबागचा हा भाग सगळा ऊस होता तेव्हा ही चिंच बांधावर उभी होती. मी प्लॉट बघायला आलो १९८२ ला, तेव्हाच एका माणसाच्या कवेत मावत नव्हती.

ए-३०२: सेक्रेटरी साहेब, सोमवारचं थांबवा प्लीज. जरा लांब लिहितोय पण सगळ्यांनी वाचा. मी स्वतः साईटवर रोज मशीन लावूनच कामं करून घेतो, त्यामुळं जेसीबीला माझा विरोध असायचं कारणच नाही, पण ऑपरेटरचं भाडं तासावर असतं आणि त्याला सांगितलेलं असतं जागा सपाट करून दे, मग तो झाड बघत नाही अन् झुडूप बघत नाही, समोर येईल ते लोळवत जातो. आणि आपल्याकडं अजून परवानगीचा कागदच नाही. जागा सोसायटीची असली म्हणून झाडं मनाला येईल तशी काढता येत नाहीत, महापालिका हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा लागू आहे, त्यात वृक्ष अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, ते येऊन बघतात, नोटीस लावतात, हरकती मागवतात, मग काय ते ठरतं. आणि तोडणं म्हणजे फक्त करवत लावणं नाही, जाळलं किंवा कसलीही इजा केली तरी ते तोडण्यातच धरलंय. २०२१ ला कायद्यात दुरुस्ती झाली, ५० वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज झाड धरतात, आणि एखादं झाड काढायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी नवीन झाडं लावून जगवायला लागतात. आजोबा म्हणतात त्या हिशोबानं ही चिंच साठीच्या पुढचीच असणार. साठ झाडं कुठं लावणार आपण?

बी-१०४: अहो पण अख्ख्या सांगलीत रोज झाडं पडतात, कोण विचारतंय

ए-३०२: दादा विचारतात. भोश्याचा वड आठवत असेल, आपल्याच मिरज तालुक्यातला. २०२० ला रत्नागिरी-नागपूर हायवेच्या कामात जाणार होता, लोक गोळा झाले, आवाज उठवला आणि हायवेची आखणी बदलायला लागली. हायवे बाजूला सरकतो तर आपलं पार्किंग सरकायला काय अडचण आहे?

बी-१०४: बरं मग चिंच ठेवू. ऑपरेटरला सांगू तिला धक्का लावायचा नाही, बाकीचं सगळं साफ कर. विषय संपला ना?

सी-२०१ वहिनी: हे बरोबर आहे

ए-३०२: वहिनी, यातच झाडं मरतात, म्हणून जीव तोडून सांगतोय. बुंध्याला ओरखडा पण न येता झाड मरतं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटातच असतात आणि पाणी ओढणारी बारीक मुळं तर वरच्या फूटभर मातीत, आणि ती फांद्यांच्या सावलीच्या बाहेरपर्यंत गेलेली असतात. जेसीबीचं वजन सात-साडेसात टन, पोकलेन आणला तर वीस टनाच्या आसपास. ते एवढं धूड मातीवरनं एकदा जरी गेलं तरी मातीतली हवेची जागा दाबून जाते, सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याच फेरीत होतं. त्यात आपली काळी माती, जरा ओली असली की चाकाखाली लोण्यासारखी दबते आणि वाळली की वीट होते, मग त्यात ना पाणी मुरतं ना मुळं श्वास घेतात. झाड लगेच काही दाखवत नाही, दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, मग एकेक फांदी, आणि तोवर सगळे म्हणतात रोग पडला. माझ्या साईटवर कडुनिंब असे गेलेले बघितलेत, वाईट वाटतं हो, आपल्याच मशीननं गेलेलं कळत असतं.

काल संध्याकाळी जाऊन दोरीनं घेर मोजला चिंचेचा, छातीच्या उंचीला साडेनऊ फूट भरला. म्हणजे बुंध्याचा व्यास तीन फूट. त्याच्या बारा पट जागा चारी बाजूंनी सोडायची असा हिशोब असतो, म्हणजे बुंध्यापासून छत्तीस फूट. तेवढ्या गोलात मशीन नाही, खडीची खेप नाही, मुरमाचा ढीग नाही, सिमेंटची पोती पण नाहीत. नुसती चुन्याची रेघ मारून भागत नाही, बल्ल्या रोवून जाळी लावायला लागते, कारण रेघ पहिल्या तासात पुसते आणि ऑपरेटर रिव्हर्स घेताना मागं बघत नाही.

सेक्रेटरी: छत्तीस फूट सोडले तर प्लॉटमध्ये राहतंय काय?

ए-३०२: रस्त्याकडची पट्टी आणि डी विंगची बाजू. मी स्केच टाकतो रात्री. गाड्या दोन रांगेत तिरक्या लावल्या तर बारा बसतात.

डी-१०३ काकू: मी मगाचपासून वाचतीय. मला एक सांगायचंय, त्या चिंचेच्या ढोलीत धनेश पक्ष्याची जोडी आहे. माझ्या किचनच्या खिडकीतनं सरळ दिसते. मादी आत बसलीय, ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय तिनं, बोटभर फट ठेवलीय फक्त, त्यातनं चोचीचं टोक दिसतं. नर दिवसभर ये-जा करतो, उंबरं आणतो, फटीपाशी लोंबकळून एकेक फळ भरवतो. आतल्या आत पिसं झडलेली असतात तिची, उडता येत नाही. त्या दिवशी वादळ झालं तर दिवसभर नर दिसला नाही, माझ्या पोटात गोळा आला होता, संध्याकाळी आला. सोमवारी मशीन लावलं तर ती आतच राहील हो.

सी-२०१ वहिनी: अगं बाई. हे माहितीच नव्हतं. काकू मी पोरांना घेऊन येऊ का बघायला?

डी-१०३ काकू: ये की. सकाळी साडेसातला ये, तेव्हा तो हमखास येतो.

बी-१०४: काकू पक्ष्याचं पटलं मला, तेवढं थांबू. पण माझी गाडी रोज रस्त्यावर असते, दोनदा आरसा तुटलाय, आणि घरात वयस्कर माणूस आहे त्यांना लांबनं चालत यायला लागतं. पार्किंग व्हायलाच पाहिजे.

ए-३०२: दादा व्हायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. फक्त वेळ चुकतीय. आत्ता लावलं तर ढोलीत पिल्लं, आणि एक वळीव पडला की माती चिकट, मशीन रुतणार आणि सगळा प्लॉट तुडवून ठेवणार. पावसाळ्यात तर विषयच नको. दिवाळीनंतर माती वाळत जाते, जानेवारीत कोरडी ठणठणीत असते, घरटी पण लागलेली नसतात. तोवर परवानगीचं काम होईल. सुबाभळी माणसं लावून करवतीनं कापू, त्यातल्या मोठ्या झालेल्या अर्जात घालायच्या, आणि फुटवे येतील ते वरचेवर काढायला लागतील, ती चिवट जात आहे. मशीन फक्त रस्त्याकडच्या पट्टीत. आणि सगळा प्लॉट उकरला तर पहिल्या पावसात गाजर गवत कंबरेएवढं येणार, उघडी उकरलेली माती त्याला लगेच सापडते, मग सापाची भीती होती तिथंच.

सी-३०४: एक शंका. मुळांमुळं कंपाउंडला तडे जातात म्हणतात ना? मग झाड काढलेलंच बरं नाही का

ए-३०२: भिंतीला चिकटून असेल तर जातात, खरं आहे. पण काळ्या मातीत मोठं झाड काढल्यावर उलटं पण होतं. ते झाड वर्षानुवर्षं खालचं पाणी ओढत असतं, ते गेलं की माती पाणी धरून फुगते आणि वरचं बांधकाम उचलते, आपण पेव्हिंग ब्लॉक बसवले तर ते वर-खाली होणार. शिवाय जेसीबी झाड काढतो म्हणजे आधी आजूबाजूची मुळं बकेटनं तोडतो, मग बुंधा वरच्या अंगाला ढकलून गड्ड्यासकट आडवा करतो. एवढ्या चिंचेचा खड्डा पुरुषभर होईल. तो तिथल्याच ढेकळांनी बुजवतात, वरनं मशीन फिरवलं की सपाट दिसतं, आणि दोन पावसाळ्यात बरोबर तिथंच खचतं. तुमचीच गाडी तिथं उभी असणार.

सी-३०४: हायवेला वड उचलून दुसरीकडं लावतात तसं नाही का करता येणार चिंचेचं?

ए-३०२: वड, पिंपळ, उंबर यांचं जमून जातं, फांदी लावली तरी फुटणारी झाडं आहेत ती. एवढी जुनी चिंच जगायची आशा फार कमी आणि क्रेन, ट्रेलरचा खर्च पार्किंगपेक्षा जास्त.

ए-४०३ आजोबा: चिंच तिथंच राहू दे. मे महिन्यात दुपारी आमच्या गॅलरीत जो गारवा असतो तो तिच्यामुळं आहे, हे डी विंगवाल्यांना पण विचारा.

डी-१०३ काकू: शंभर टक्के

सेक्रेटरी: ठीक आहे. कॉन्ट्रॅक्टरला सोमवारचं कॅन्सल सांगितलंय, त्यानं ॲडव्हान्स घेतलेला नाही त्यामुळं तो प्रश्न नाही. वृक्ष अधिकाऱ्यांना अर्ज या आठवड्यात देऊ, ए-३०२ तुम्ही झाडांची यादी करून द्या, कुठलं झाड, घेर किती, ठेवायचं का काढायचं. रविवारी सकाळी दहाला सगळे प्लॉटवर भेटू.

बी-१०४: मी येतो. पण स्केचमध्ये माझ्या गाडीची जागा लिफ्टच्या बाजूला दाखवा, वडिलांना जवळ पडेल

ए-३०२: दाखवतो दादा, पहिलीच जागा तुमची. रविवारी येताना कुणाकडं लांब टेप असेल तर आणा, माझी पाच मीटरचीच आहे.

सी-२०१ वहिनी: आमच्याकडं आहे तीस मीटरची, ह्यांच्या ऑफिसची. आणते