अनुभव धागा: 'मी कोण' हे तुम्हाला कधी आणि कशावरून कळलं?

नाव, गाव, नोकरी सांगून झालं की ओळख संपली असं आपण धरतो. ते बाजूला ठेवल्यावर कोणाला काही दिसलंय का? नाशिककरांनो, स्वतःबाबत घडलेलं लिहा. सुरुवात मी करते.

वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले. भाऊ नाही, म्हणून मीच. गुरुजींनी गाव, आडनाव विचारून आमच्या घराण्याची वही काढली. पणजोबांची सही मोडीत, आजोबांची टाकाची, त्याखाली बाबांची, निळ्या बॉलपेनातली, 'र'ची शेपटी लांब ओढलेली. "करा सही, ताई." बँकेत रोज शंभर सह्या करते मी, पण तिथे हात अडला. माहेरचं आडनाव की सासरचं? शेवटी माझं नाव आणि पुढे बाबांचं, एवढंच लिहिलं. पाहते तर माझ्याही 'र'ची शेपटी तशीच ओढलेली. ती मला कोणी शिकवली नव्हती.

पुढच्या रविवारी पांडवलेणी चढले. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षातला. त्यात ती महाराजाची आई आहे, महाराजाची आजी आहे, आणि सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारीही आहे. तिच्या मुलाला तर आपण आजही आईच्या नावानेच ओळखतो, गौतमीपुत्र. बराच वेळ तिथे बसले होते.

सातपूर, निवृत्त टर्नर:
३४ वर्षं लेथवर काढली. रिटायर झाल्यावर पहाटे जाग यायची आणि पुढे दिवस रिकामा. एकदा नातवाने भोवरा आणला, खालची लोखंडी आर वाकडी झालेली. कानस घेऊन बसलो. घासायचं, बोटाने चाचपायचं, परत घासायचं. "अहो, जेवण गार झालं," ही म्हणाली तेव्हा दोन तास उलटले होते. गेटपास जमा केला, बोटं माझ्याकडेच राहिलीत.

निफाड, द्राक्षबागाईतदार:
मी शांत माणूस, असं गाव म्हणायचं, मलाही पटायचं. माल उतरायला आठ दिवस असताना गारपीट झाली. सालदारावर नको नको ते ओरडलो. तो काही बोलला नाही, खाली पडलेले घड क्रेटमध्ये वेचायला लागला. माझी शांती भरलेल्या बागेची होती, हे तेव्हा दिसलं. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. राग अजूनही येतो.

सिडको, बी.ए.चं शेवटचं वर्ष:
मला अजून काही कळलेलं नाही, वाचतेय. ताई, वहीत तुमच्या सहीखाली जागा आहे का?

आहे गं. चारेक ओळींची.