अनुभव धागा: थंड देशात घरातला कढीपत्ता

मंडळी, इथे न्यू जर्सीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरायला लागला की मी कुंडी आत घेते. खरी परीक्षा त्यानंतर. थंडीत कढीपत्ता जगवणाऱ्यांनी इथे सविस्तर लिहा: शहर कुठलं, खिडकी कोणत्या दिशेची, पाणी कसं देता. आणि कोणी भारतातून रोप आणायच्या विचारात असेल तर कृपया नको. लिंबू-संत्र्याची झाडं मारणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही वाढते, म्हणून त्यावर बंदी आहे.

म्युनिक
आमच्या नळाच्या पाण्यात क्षार फार, किटलीत पांढरा थर बसतो. कुंडीतही तेच होतं. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजावं, झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण क्षारांमुळे मुळांना ते घेता येत नाही. मी पावसाचं पाणी साठवून घालते आणि मार्चपासून चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) देते. नवी पालवी हिरवीगार येते. सासूबाई ताक घालायला सांगतात; अंगणातल्या झाडाला ठीक आहे, बंद खोलीत वास येतो आणि चिलटं होतात.

ग्लासगो
ताई, इथे पाण्याचा त्रास नाही, उजेडाचा आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा, तोही ढगाळ. दक्षिणेची खिडकी असूनही पुरत नाही. ग्रो लाइट (झाडांसाठीचा खास दिवा) टायमरवर बारा तास लावा.

टोरांटो
पानं सगळी गळली तरी झाड टाकून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे, झोपलंय फक्त. अशा वेळी पाणी अगदी कमी करा. पानंच नाहीत तर ओढणार कोण? बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, आत कोरडं लागलं तरच घोटभर पाणी. खत तर अजिबात नाही. एप्रिलमध्ये खोडावर लालसर कोंब दिसले की मग हळूहळू वाढवा.

एडिनबरा
हीटरच्या कोरड्या हवेत खवले कीड येते. पानामागे मधल्या शिरेला चिकटलेले तपकिरी ठिपके, आणि खालची फरशी चिकट. मऊ टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक पान पुसतो, मग न्हाणीघरात झाडाला आंघोळ. आठवड्याने पुन्हा, कारण पिल्लं राहतात.

मिनिआपोलिस
आमच्या नागपूरच्या घरी गोडलिंब भिंतीएवढा होता, त्यामुळे इथे कात्री लावायला हात धजेना. पण वसंतात शेंडे खुडावेच लागतात, तरच फांद्या फुटतात. पानं सुटी न तोडता अख्खी डहाळी देठापासून काढते. जूनमध्ये बाहेर नेताना पहिला आठवडा सावलीत ठेवते. खोलीतल्या कोवळ्या पानांना थेट ऊन लागलं की ती करपतात. फोडणीपुरता पाला सप्टेंबरपर्यंत मिळतो. फुलं काढून टाकावीत की ठेवावीत, यावर कोणी लिहाल का?