टर्कीसाठी चोक आणि काडतूस: आणखी घट्ट चोक घ्यावा का?

रानपहाट (प्रश्न)

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि वसंतातल्या नर टर्की पक्ष्यांच्या शिकारीच्या हंगामात १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) पंप शॉटगन वापरतो. तिला ०.६६० इंचांचा टर्की चोक (छर्रे एकत्र राहावेत म्हणून नळीचे तोंड आवळणारा भाग) आहे. काडतूस तीन इंची, त्यात पावणेदोन औंस शिशाचे ५ नंबरचे छर्रे (नंबर जितका मोठा, तितका छर्रा लहान). ४० यार्डांवर कागदावर झाडून पाहिले तेव्हा १० इंची वर्तुळात जेमतेम ७० छर्रे लागले. शंभर लागावेत असा जुना संकेत आहे. पुढे हंगामात एक नर अवघ्या १८ यार्डांवर येऊन मान उंचावून उभा राहिला आणि माझा बार साफ चुकला, याची रुखरुख अजून जात नाही. आणखी घट्ट चोक घ्यावा की टंगस्टनची महाग काडतुसे घ्यावीत, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी नळी

आपल्या अडचणी दोन आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. आधी ४० यार्डांविषयी. १२ गेजच्या नळीचा अंतर्व्यास प्रमाणानुसार ०.७२९ इंच असतो आणि साधा फुल चोक तो ०.६९५ च्या आसपास आणतो. आपला चोक त्याच्या दुप्पट आवळतो. शिसे मऊ असल्यामुळे त्या चिंचोळ्या जागेतून जाताना छर्रे एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात, आणि चपटा छर्रा हवेत भरकटतो, म्हणून एका मर्यादेपलीकडे चोक आवळल्यास पॅटर्न, म्हणजे कागदावर छर्र्यांचा पडणारा विखुरलेला ठसा, दाट होण्याऐवजी फाटतो. ती मर्यादा प्रत्येक बंदुकीची निराळी असते आणि ती कागदावरच कळते. माझ्या मते आपण ०.६७० चा चोक मित्राकडून मागून आणून पाहावा आणि सोबत ६ नंबरचे छर्रे वापरून पाहावेत. एका औंसात ५ नंबरचे सुमारे १७०, तर ६ नंबरचे सुमारे २२५ छर्रे मावतात. म्हणजे तेवढ्याच वजनात जवळजवळ शंभर छर्रे जास्त मिळतात. लहान छर्र्याचा जोर लवकर ओसरतो, त्यामुळे ६ नंबर घेऊन मी ३५ यार्डांपलीकडे बार टाकत नाही. प्रत्येक जोडीची निदान तीन काडतुसे झाडून सरासरी काढा. एका कागदावर विसंबू नका.

देवदार

टंगस्टनविषयी थोडक्यात लिहितो. त्याच्या छर्र्यांची घनता शिशाच्या दीडपटीहून अधिक असते, त्यामुळे ९ नंबरचा बारीक छर्राही शिशाच्या ५ नंबराच्या तोडीने आत शिरतो आणि एका औंसात असे सुमारे ३६० छर्रे बसतात. २० गेज किंवा ४१० या आणखी बारीक नळीच्या बंदुका वापरणाऱ्यांसाठी ही काडतुसे वरदान आहेत. १२ गेजला ४० यार्डांच्या आत त्यांच्यावाचून अडत नाही. घेतलीच, तर आपला चोक त्या छर्र्यांसाठी चालतो असे त्याच्या उत्पादकाने सांगितले आहे ना, हे आधी पाहा. टंगस्टन पोलादाहूनही कठीण असते, आणि केवळ शिशासाठी बनवलेल्या अतिघट्ट चोकमधून पोलादी छर्रे तर कधीच झाडू नयेत.

ओकची सावली

१८ यार्डांवर चुकलेल्या बाराकडे आपण अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. इतक्या जवळ घट्ट चोकचा पॅटर्न मुठीएवढाच असतो, त्यामुळे तीन-चार इंचांची चूकही पुरी पडते. आणखी घट्ट चोक घेतल्यास ही चूक वाढेल. पक्षी पाहण्याच्या ओढीने गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि बार वरून निघून जातो. हलकी, स्वस्त काडतुसे घेऊन, रानात बसतो तसेच झाडाला पाठ टेकून, बंदूक गुडघ्यावर ठेवून २० यार्डांवर झाडून पाहा आणि पॅटर्नचा मध्य कुठे पडतो ते मोजा. नेम पिसे संपून उघडी मान सुरू होते तिथे धरावा. पिसारा फुलवलेल्या नराची मान आखडलेली असते, म्हणून तो डोके वर काढेपर्यंत थांबावे.

रानपहाट

आपणा सर्वांचे आभार. काल सांगितल्याप्रमाणे बसून २० यार्डांवर झाडले. पॅटर्नचा मध्य पाच इंच वर आणि किंचित डावीकडे पडत होता. गाल मुद्दाम दाबून धरल्यावर तो खाली आला. ०.६७० चा चोक आणि ६ नंबरचे छर्रे यांची ४० यार्डांवर तीन बारांची सरासरी ११२ आली. टंगस्टनचा विचार सोडला. गालाच्या सवयीसाठी रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी दुर्बीणवजा काच) बसवणे योग्य ठरेल का?

ओकची सावली

अवश्य बसवा. ठिपका दिसत असेल तर गाल थोडा हलला तरी नेम फारसा ढळत नाही. मात्र बसवल्यावर आधी २० यार्डांवर हलक्या काडतुसांनी तो जुळवा, मग हंगामातल्याच काडतुसांनी ४० वर पुन्हा तपासा, आणि दर काही बारांनंतर बंदूक रिकामी करून चोकचे आटे सैल झालेले नाहीत ना, हे हाताने पाहत जा.